खाटेपासून केसपेपरापर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी जेव्हा आम्हांस रुग्णालयातील यंत्रे आणि रुग्णाची नोंद ह्या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही डॉक्टर नव्हे, इंजिनिअर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. परंतु गेली वीसएक वर्षे रुग्णालयांतील कामगारांची व परिचारिकांची गाऱ्हाणी घेऊन साहेबांच्या दारात उभे राहण्याचे काम आम्ही पत्करले आहे. त्यातल्या एका प्रकरणात ह्या विषयाच्या खोलात जाणे आम्हांस भाग पडले. ते प्रकरण आधी सांगतो, म्हणजे ह्या इतिहासात आमच्यासारख्याला गोडी का वाटावी ते आपल्या ध्यानी येईल.

एका रुग्णालयात रात्रपाळीच्या एका परिचारिकेस आरोपपत्र मिळाले. अतिदक्षता विभागातील एक वृद्ध गृहस्थ पहाटे दगावले होते आणि त्यांच्या मुलाने तक्रार केली होती. सिस्टरांनी वहीत आपल्या हाताने लिहिले होते की, २ वाजून १० मिनिटांनी ऑक्सिजन उतरला आणि २ वाजून १५ मिनिटांनी डॉक्टरांना बोलावले. परंतु खाटेजवळचा मॉनिटर नुकताच संगणकाला जोडलेला होता, आणि संगणकातील नोंद सांगत होती की ऑक्सिजन १ वाजून ३२ मिनिटांनीच उतरला. तेव्हा बाई अडतीस मिनिटे झोपल्या होत्या व मागाहून त्यांनी वहीत खोटी वेळ घातली, असा आरोप. चौकशी अधिकारी सज्जन गृहस्थ होते. ते आम्हांस म्हणाले, "अहो, माणसाला खोटे बोलण्याचे कारण असते. यंत्राला काय कारण?"

प्रश्न रास्त होता. रात्रभर तो आमच्या डोक्यात घोळत राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही एवढीच विनंती केली की सर्वांनी मिळून त्या खाटेपाशी जावे. गेलो. भिंतीवरच्या घड्याळात ११ वाजून २० मिनिटे झाली होती. चौकशी अधिकाऱ्यांच्या मनगटावरही तीच वेळ होती. मॉनिटरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत १० वाजून ४२ मिनिटे होती. केव्हातरी बॅटरी उतरून यंत्र बंद पडले होते, आणि पुन्हा सुरू झाल्यापासून ते अडतीस मिनिटे मागे चालत होते. यंत्राचे घड्याळ लावणे हे काम कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

आरोपपत्र मागे घेण्यात आले. पण तेवढ्याने आमचे समाधान होईना. सिस्टर सुटल्या खऱ्या. परंतु त्या वृद्ध गृहस्थांच्या मुलालाही त्या रात्री खरोखर काय घडले हे कळण्याचा हक्क होता, आणि कित्येक दिवस त्याला भलतेच सांगण्यात आले होते. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने आपल्या घड्याळाप्रमाणे खरेच सांगितले होते. दोष होता तो खाट आणि केसपेपर ह्यांच्या मधल्या सांध्यात. हा सांधा कसा घडत गेला, तो कोणी घडविला आणि त्यावर कोण उभे आहे, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

सांधा म्हणजे काय हे आम्ही लहानपणी मिरजेस पाहिले. आमचे वडील मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर हमाल होते. १९७१ च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज आली. बंगळूरकडे जाणारी लाईन मीटरगेज होती. आणि कुर्डुवाडीकडे बार्शी लाईनची नॅरोगेज धावत होती. तीन मापांच्या गाड्या एकाच स्टेशनात शेजारीशेजारी उभ्या राहत, पण ह्या डब्यातले पोते त्या डब्यात आपण होऊन जात नसे. ते माणसाच्या पाठीवरून जाई. पोती फुटत, उशीर होई, क्वचित पोते भलत्याच डब्यात पडे. पुढे १९९२ पासून रेल्वेने देशभर रुळांचे माप एक करण्याचे काम हाती घेतले आणि ते पाठीवरचे ओझे उतरले. ओझ्याबरोबर मजुरीही गेली, ही गोष्ट वेगळी. पण वडील आणखी एक गोष्ट सांगत. पोते पाठीवर घेताच हमालाला कळे की माल ओला आहे, की आत काही कमी भरले आहे. माप एक झाल्यावर पोते कोणी न उचलताच पुढे जाऊ लागले, आणि ओले की कोरडे ते मुक्कामालाच समजू लागले.

रुग्णालयातील उपकरणे आणि नोंदी ह्यांचा इतिहास वाचताना आम्हांस ह्याच तीन गोष्टी पुन्हा भेटल्या. वेगवेगळी मापे, त्यांच्या मधला हमाल, आणि हमाल गेल्यावर त्याच्याबरोबर जाणारी नजर.

प्रथम माप घेणे आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताप म्हणजे वैद्याने कपाळाला हात लावून सांगावयाची गोष्ट होती. जर्मनीतील लाइप्झिग येथील डॉक्टर कार्ल वुंडरलिश ह्यांनी आपल्या रुग्णालयात थर्मामीटर लावून प्रत्येक रोग्याचे तपमान दररोज नियमाने टिपून ठेवण्याची प्रथा घातली. १८६८ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यामागे सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या नोंदी होत्या. त्या काळचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब असे आणि काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावा लागे. पंचवीस हजार रोगी, दिवसातून दोन दोन वेळा, दर वेळी वीस मिनिटे! श्रोतेहो, हा हिशेब मनात केला तर त्या ग्रंथामागे किती जणांचे हात ताटकळले असतील ह्याची कल्पना येते. ग्रंथावर नाव एकाचे असते, आणि ते योग्यही आहे, कारण दृष्टी त्याची होती. परंतु उपकरण आणि कागद ह्यांना जोडणारी पहिली तार माणसाचा हात हीच होती. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट ह्यांनी त्याच सुमारास सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला. तेव्हापासून ताप पाहणे हे परिचारिकेचे नित्यकर्म झाले आणि खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकू लागला. तो आपण सर्वांनी पाहिला आहे.

ह्या तक्त्याची खरी किंमत अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांना कळली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर हुंगवून भूल देण्याचे काम वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडे असे. हार्वे कुशिंग नावाच्या विद्यार्थ्याने भूल दिलेला एक रोगी टेबलावरच मरण पावला. त्या घटनेने तो हादरला. पुढे त्याने व अर्नेस्ट कॉडमन ह्या त्याच्या मित्राने १८९४ च्या सुमारास भूल चालू असताना नाडी व श्वास वरचेवर मोजून कागदावर टिपण्यास आरंभ केला. कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे मोठे तज्ज्ञ झाले. १९०१ साली ते इटलीतील पाव्हिया येथे गेले असता रिव्हा-रोची ह्यांनी १८९६ मध्ये तयार केलेले रक्तदाब मोजण्याचे साधन त्यांनी पाहिले, आणि ते अमेरिकेस नेऊन रक्तदाबाचीही भर तक्त्यात घातली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा तक्ता कोणाला पकडण्यासाठी निघालेला नव्हता. आपल्या हातून घडले ते पुन्हा घडू नये, ह्या तळमळीतून तो निघाला. तक्ता हा आधी करणाऱ्याचा सोबती होता. आरोपपत्राचा पुरावा तो मागाहून झाला.

मापे घेणारी साधने अशी वाढत असता दुसऱ्या बाजूस स्वतःच लिहिणारी यंत्रेही तयार होत होती. १८४७ साली कार्ल लुडविग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या पिंपावर रक्तदाबाची रेघ ओढणारे यंत्र केले. १८६० मध्ये फ्रान्समधील मारे ह्यांनी मनगटावर बांधून नाडीची रेघ काढणारे उपकरण बनविले. म्हणजे हाताने लिहिण्याची गरज संपली असे वाटावे. पण हे लिहिणे यंत्राच्या स्वतःच्या कागदावर होते. तो कागद प्रयोगशाळेत आणि रोग्याचा केसपेपर वॉर्डात.

दोहोंमध्ये पहिली खरीखुरी तार हॉलंडमधील लायडन येथे पडली. विल्यम आइंटहोवेन ह्या प्राध्यापकांनी हृदयातील विजेची रेघ काढणारे यंत्र बनविले, म्हणजे ज्याला आपण ईसीजी म्हणतो त्याचे मूळ रूप. आज ईसीजीचे यंत्र हातात धरून नेता येते. तेव्हाचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि चालविण्यास पाच माणसे लागत. रोग्याला मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत हातपाय बुडवून बसावे लागे. एवढे धूड रुग्णालयात नेता येईना, आणि अशक्त रोगी प्रयोगशाळेत आणता येईनात. तेव्हा १९०५ साली आइंटहोवेन ह्यांनी रुग्णालयापासून दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार वापरली. रोगी रुग्णालयात बसला, आणि त्याच्या हृदयाची रेघ गावाच्या दुसऱ्या भागात उमटली. पुढे १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला जोडणी म्हणतो, तिचा जन्म आम्ही ह्या तारेपासून धरतो. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला त्या खोलीत कोण बसले आहे हे मात्र रेघेवरून कळत नव्हते. ते कोणीतरी सांगावे लागे. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. पुढे तो कामी येणार आहे.

तार आली, पण ती जोडावयाची कशाला? त्या काळी एका रोग्याची एक नोंद अशी वस्तूच नव्हती. डॉक्टरांच्या आपापल्या चोपड्या असत, आणि एका रोग्याची हकीकत चार चोपड्यांत विखुरलेली असे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर ह्या डॉक्टरांनी १९०७ साली प्रत्येक रोग्यास एक क्रमांक देऊन त्याचे सर्व कागद एकाच पाकिटात ठेवण्याची पद्धत घातली. आपण सरकारी दवाखान्यात खिडकीशी रांग लावून केसपेपर काढतो, त्याची ही थोरली बहीण. चोपडी डॉक्टरांची होती, पाकीट रोग्याचे झाले. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोठा पालट होय, आणि त्यास एकही यंत्र लागले नाही.

ह्यानंतर आकड्यांचा पूर आला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या रोग्यांच्या गळ्यातून नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून त्यांना श्वास देण्याची युक्ती ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञांनी काढली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या. ह्या अनुभवातून अतिदक्षता विभाग जन्मास आला. हाताच्या जागी व्हेंटिलेटर आला, १९६० नंतर हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र विभाग निघाले, खाटेखाटेशी मॉनिटर लागले. पूर्वी दिवसातून दोनदा आकडा टिपावा लागे. आता तासातासाला नाडी, दाब, श्वास, ऑक्सिजन, सलाईन, मूत्र असे दहा-बारा आकडे लिहावे लागू लागले. काचेवर सारे लखलखत होते, पण कागदावर नेणारा हात तोच होता. अतिदक्षता विभागातील परिचारिका ही आमच्या वडिलांच्याच धंद्यातली झाली. ह्या डब्यातले पोते त्या डब्यात.

हे ओझे उतरविण्याचा नेटाचा उद्योग अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी ह्या शहरात झाला. तेथील एलडीएस हॉस्पिटलमध्ये होमर वॉर्नर ह्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच संगणक आणला. त्यातून 'हेल्प' नावाची व्यवस्था उभी राहिली, जी रोग्याचे आकडे नुसते साठवीत नसे, तर त्यांवरून डॉक्टरांना इशारे देई. परंतु इशारा देण्यासाठी आकडा वेळेवर पोहोचला पाहिजे. आणि वॉर्नर ह्यांचे सहकारी रीड गार्डनर ह्यांना दिसून आले की खाटेजवळचे प्रत्येक यंत्र निराळ्या भाषेत बोलते. खोबण पुष्कळदा सारखी असे, पण आतला संदेश प्रत्येक कंपनीचा वेगळा. एका बनावटीचे यंत्र काढून दुसरे लावले की मधला अनुवाद पुन्हा नव्याने लिहावा लागे. म्हणून १९८४ पासून सर्वांसाठी एक सामाईक वाट आखण्याचे काम सुरू झाले. त्यातून मानकांची एक मालिका निघाली, ती आज ११०७३ ह्या क्रमांकाने ओळखली जाते. १९८७ साली रुग्णालयातील निरनिराळ्या संगणकांनी एकमेकांस निरोप कसा धाडावा हे ठरविणारी 'एचएल-सेव्हन' ही संस्था निघाली. १९९४ साली 'लॉइंक' नावाची यादी सुरू झाली, तीत प्रत्येक तपासणीला व मापाला एक ठराविक क्रमांक मिळाला.

इतके सारे कशासाठी, असे आपण विचाराल. जोडणीस तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, तार. ती सोपी. दुसरी, भाषा. समजा, यंत्राने ७२ असा आकडा पाठविला. हे ७२ ईसीजीवरून मोजलेले हृदयाचे ठोके, की बोटावरून मोजलेली नाडी? निरोगी माणसात दोन्ही सारखेच येतात. पण ज्याचे हृदय अनियमित चालते त्याचे सर्वच ठोके बोटापर्यंत पोहोचत नाहीत, आणि दोहोंतला हा फरकच रोग ओळखण्याची खूण असतो. तेव्हा आकड्याबरोबर त्याचे नाव गेले पाहिजे, एकक गेले पाहिजे, वेळ गेली पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड : हा आकडा कोणाचा? यंत्राला खाट ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो. पाचव्या खाटेवरचा रोगी तपासणीस नेला आणि त्या जागी दुसरा आणला, तर यंत्र निर्विकारपणे नव्याचे आकडे जुन्याच्या नावावर पाठवीत राहील. आइंटहोवेन ह्यांच्या तारेच्या टोकाला असलेला प्रश्न तो हाच. म्हणूनच चांगल्या व्यवस्थेत मनगटपट्टीवरील क्रमांक वाचून यंत्राची रोग्याशी गाठ घालतात, आणि यंत्राकडून आलेला आकडा आधी कच्चा म्हणून ठेवतात. परिचारिका रोग्याकडे पाहते, बोटाची पट्टी सैल झाली आहे का, रोगी खोकतो आहे का, हे बघते, आणि मग आकडा पक्का करते. एवढी यंत्रे आली तरी तेथे एक साक्षीदार लागतोच.

मानके १९८० च्या दशकात हाती घेतली, मग इतका काळ का लागला? ह्याचे उत्तर आम्हांस एका तुलनेत सापडते. एक्स-रे आणि स्कॅनच्या चित्रांच्या बाबतीतही हीच अडचण होती. परंतु १९८३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्र बनविणाऱ्यांची संघटना एकत्र बसल्या. १९८५ मध्ये पहिले मानक निघाले आणि १९९३ मध्ये 'डायकॉम' तयार झाले. आज जगात कोठेही काढलेला स्कॅन कोठेही उघडता येतो तो त्यामुळे. खाटेजवळच्या यंत्रांचे मात्र घोडे अडून राहिले. आमचा तर्क असा की, क्ष-किरणतज्ज्ञ संख्येने थोडे, संघटित, आणि महाग यंत्र कोणते घ्यावयाचे हे ठरविण्यात त्यांचा शब्द चाले. खाटेजवळची यंत्रे वापरणाऱ्या परिचारिका असंख्य, पण खरेदीच्या बैठकीत त्यांना खुर्ची नाही. कंपनीला तर आपली भाषा आपल्यापाशी ठेवण्यातच लाभ. एकदा गिऱ्हाईक बांधले की सुटत नाही. जो ओझे वाहतो त्याला विचारल्याशिवाय ओझे लवकर उतरत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव येथेही खरा ठरला.

पुढची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. २००९ साली अमेरिकेत कायदा झाला आणि संगणकीय नोंदी वापरणाऱ्या रुग्णालयांना सरकारने अब्जावधी डॉलर दिले. २००८ साली जेथे दहांत एका रुग्णालयातही अशी व्यवस्था धड नव्हती, तेथे २०१५ पर्यंत दहांतील आठांहून अधिक रुग्णालयांत ती आली. पण खाटेजवळची यंत्रे त्यांना जोडलेली असतच असे नाही. तेव्हा काय झाले? परिचारिका मॉनिटरवरचा आकडा तळहातावर किंवा चिठ्ठीवर लिहून घेई आणि मग संगणकापाशी जाऊन टंकी. लेखणी गेली, कळफलक आला. हमाली तीच राहिली. २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केवळ आकडे वाहून नेणाऱ्या साधनांवरील कडक नियम सैल केले, २०१७ साली परस्परांशी बोलणाऱ्या उपकरणांसाठी मार्गदर्शन काढले, आणि मग ह्या कामास थोडी गती आली.

घड्याळाचे आमचे प्रकरण घडल्यावर आम्ही शोध घेतला, तेव्हा कळले की ह्यात आपल्याकडचाच काही विशेष गलथानपणा नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील ज्यूलियन गोल्डमन हे भूलतज्ज्ञ २००४ पासून उपकरणांच्या जोडणीसाठी झटत आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील रुग्णालयांतील उपकरणांची घड्याळे तपासली, तर पुष्कळशी चुकीची निघाली. इतके मोठे राष्ट्र, पण यंत्राचे घड्याळ लावणे हे तेथेही कोणाच्या यादीत नव्हते. हे वाचून आम्हांस आनंद झाला असे म्हणवत नाही, परंतु त्या सिस्टरांना ते वाचून दाखविले तेव्हा त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे संगणकीय आरोग्यनोंदींची मानके केंद्र सरकारने प्रथम २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. उपकरणांच्या जोडणीसाठी त्यांत ११०७३ ह्या मालिकेचाच निर्देश आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, आणि चौदा अंकी 'आभा' क्रमांक आपल्यापैकी अनेकांपाशी असेल. प्लमर ह्यांच्या पाकिटावरचा क्रमांक एका रुग्णालयापुरता होता. हा साऱ्या देशासाठी. कल्पना चांगली आहे. पण क्रमांक म्हणजे नोंद नव्हे, हे विसरून चालणार नाही. पाकिटावर नाव घातले तरी आत कागद घालावाच लागतो.

तो कागद आपल्याकडे कोण घालते, हे आपण कोरोनाच्या साथीत आपल्या उंबरठ्यावर पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आशाताई व स्वयंसेवक घरोघर फिरून ताप व ऑक्सिजन मोजत होते. हातात ऑक्सिमीटर, दुसऱ्या हातात वही, आणि रात्री घरी गेल्यावर मोबाइलमध्ये तेच आकडे पुन्हा भरावयाचे. उपकरण आणि नोंद ह्यांना जोडणारी तार म्हणजे पुन्हा एक बाईच, आणि तीही मानधनावर. पुढे आशाताईंच्या मोर्च्यांत ऑनलाइन कामाच्या सक्तीविरुद्ध घोषणा आम्ही ऐकल्या, तेव्हा काहींनी त्यांना प्रगतीच्या वैरिणी ठरविले. त्या प्रगतीच्या वैरिणी नव्हत्या. एकच पोते दोनदा उचलावयास लावू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्या ऑक्सिमीटरविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपानमधील ताकुओ आओयागी ह्या इंजिनिअरांनी १९७४ च्या सुमारास बोटातून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजण्याचे तत्त्व शोधले, आणि त्याने असंख्य प्राण वाचविले. परंतु डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, रक्तातील ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटर तो पुरेसा दाखवितो, असे प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. त्वचेच्या रंगाने प्रकाशाचे गणित चुकते. आमच्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात हे ध्यानी घेण्यासारखे आहे. असा आकडा तारेने अचूक गेला, अचूक नोंदला गेला, तरी चुकीचाच राहतो. अशा वेळी ओठ निळे पडले आहेत हे पाहणारी नजर लागते. पोते ओले आहे हे हमालाच्या पाठीलाच कळते, ते हे असे.

आणि तार तुटली तर? मे २०१७ मध्ये संगणकांवर जगभर हल्ला झाला तेव्हा इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एकतृतीयांश रुग्णालय-संस्थांना झळ पोहोचली आणि हजारो रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक असेच बंद पडले, तेव्हा कित्येक दिवस नोंदी हाताने करून काम चालवावे लागले. ते चालले, कारण हाताने लिहिणारी माणसे अजून होती.

मग आमचे म्हणणे काय? यंत्रे जोडू नयेत असे आम्ही म्हणत नाही. मिरजेच्या मालधक्क्यावरची पोती पुन्हा कोणाच्या पाठीवर चढावीत अशी इच्छा हमालाचा मुलगा करणार नाही. रात्रीत शेकडो आकडे उतरवून घेण्यात परिचारिकेचे जे तास जातात, ते रोग्याचे तास आहेत आणि ते रोग्यास परत मिळाले पाहिजेत. पण आमचा आग्रह असा की, जोडणी करताना चार गोष्टी लेखी ठराव्यात. वाचलेला वेळ वॉर्डातील माणसे कमी करण्यासाठी वापरला जाऊ नये. यंत्राचे घड्याळ लावणे व त्याची रोग्याशी गाठ बरोबर आहे हे पाहणे, हे नेमक्या कोणाचे काम ते यादीत असावे. यंत्राच्या आकड्याशेजारी परिचारिकेला आपले म्हणणे लिहिण्याची जागा असावी, आणि चौकशीत दोन्ही साक्षी सारख्याच तपासल्या जाव्यात. आणि यंत्र खरेदीच्या बैठकीत ते वापरणाऱ्यांपैकी एक तरी जण बसावा. ह्यांतली एकही गोष्ट फार खर्चाची नाही.

आमच्या सिस्टर अजून नोकरीत आहेत. त्या प्रकरणानंतर कोणी न सांगता त्यांनी एक सवय लावून घेतली आहे. पाळीवर आल्यावर त्या प्रथम खाटेवरच्या माणसाकडे पाहतात, मग त्याच्या मनगटावरचे नाव वाचतात, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाशी मॉनिटरचे घड्याळ ताडून वहीच्या माथ्यावर दोन्ही वेळा लिहितात. ह्या कामाला मिनिटही लागत नाही. ते एका बाईच्या सवयीवर न ठेवता रुग्णालयाचा नियम व्हावा, म्हणून आम्ही दिलेला अर्ज अद्याप विचाराधीन आहे. आपल्यापैकी कोणाचे आप्त रुग्णालयात असतील, तर त्यांच्या खाटेपाशी गेल्यावर मॉनिटरचे ते कोपऱ्यातले घड्याळ आपणही एकदा पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.